काव्यातील संचार

१

लोकश्रद्धा हा काव्याचा विषय होऊ शकतो किंवा नाही, हा प्रश्न आता वादाचा उरलेला नाही. ग्रामदैवते, भुतेखेते, नवस, देवऋषी, पूर्वजांचे आत्मे ही सारी सामग्री आधुनिक मराठी कवितेत आली आहे आणि समीक्षकांनी तिचे स्वागतही केले आहे. परंतु हे स्वागत पुष्कळदा फार स्वस्तात होते, असे आम्हांला वाटते. कवितेत भंडारा उधळला गेला, एखाद्या दैवताचे नाव आले, बोलीतले चार शब्द आले, की 'या कवितेला मातीचा वास आहे' असा अभिप्राय देऊन समीक्षक मोकळा होतो. ती माती कोणती आणि त्या मातीत उभा राहून बोलणारा कोण, ही चौकशी राहूनच जाते. प्रस्तुत लेखात तीच चौकशी करण्याचा आमचा हेतू आहे.

या चौकशीसाठी आम्ही दोन ठिकाणची सामग्री शेजारी शेजारी ठेवणार आहोत. एक आमच्या निपाणी-बेळगाव सीमाभागातील : हालसिद्धनाथाची भाकणूक, बिरोबाच्या धनगरी ओव्या आणि यल्लम्माच्या जोगत्यांची गाणी. दुसरी कॅरिबियन बेटांतील आफ्रिकन वंशाच्या कवींची कविता. ही जोडी वाचकांस प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी कोठे आणि बार्बाडोसचे उसाचे मळे कोठे! परंतु आफ्रिका आम्हां मराठी लोकांना वाटते तितकी परकी नाही. निजामशाहीचा कारभार समर्थपणे चालवणारा आणि १६२६ साली निधन पावलेला मलिक अंबर हा जन्माने हबशी होता, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक विद्यार्थी वाचतो. त्याहून जवळची गोष्ट अशी की, आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या हल्याळ, यल्लापूर या भागांतील रानांत सिद्दी समाज आजही राहतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले आफ्रिकन गुलाम घाटावर निसटून आले आणि रानाच्या आश्रयाने राहिले. त्यांचे हे वंशज होत. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. पूर्वजांची मूळ आफ्रिकन भाषा त्यांच्यापाशी उरली नाही. ते कोकणी, मराठी, कानडी यांच्या मिश्रणातून आपले व्यवहार करतात. उरला तो 'डमाम' नावाचा ढोल आणि त्याच्या तालावरचे नृत्य.

गुलामांच्या ज्या व्यापाराने आफ्रिकन माणसाला पूर्वेकडे गोव्यात आणले, तशाच व्यापाराने त्याला फार मोठ्या संख्येने पश्चिमेकडे, अटलांटिकपार नेले. तेथेही भाषा गेली आणि ढोल उरला. मग भाषा हिरावली गेल्यावर देव कोठे राहतो, असा प्रश्न उपस्थित होतो. कॅरिबियन कवितेने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा आमच्या सीमाभागातील मौखिक काव्याशी निकटचा संबंध आहे. तो संबंध दाखवण्यापूर्वी आमच्या घरच्या सामग्रीकडे पाहू.

२

निपाणीजवळच्या कुर्ली-आप्पाचीवाडी येथे हालसिद्धनाथाची यात्रा भरते. तिला कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतून भाविक येतात. ढोल आणि कैताळ यांचा घोष चाललेला असतो, 'चांगभलं'ची आरोळी उठत असते आणि भंडाऱ्याने माणसे, वाटा, दगडधोंडे सारे पिवळे होऊन गेलेले असते. रात्र सरत आल्यावर नाथाची भाकणूक होते. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत असाच प्रकार असतो. तेथे सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी चालत आलेले फरांडेबाबा ढोलाच्या गजरात तलवारीने हेडाम खेळतात आणि मग भाकणूक सांगतात. पाऊसपाणी, पिके, बाजारातील धारण, रोगराई, राजकारण हे भाकणुकीचे विषय होत.

'भाकणे' हे क्रियापद विचार करण्यासारखे आहे. 'भाक' म्हणजे दिलेले वचन. 'करुणा भाकणे' म्हणजे काकुळतीने याचना करणे. आणि 'भाकणूक' म्हणजे होणाऱ्या गोष्टीचे कथन. वचन, याचना आणि भविष्य हे तिन्ही अर्थ एकाच धातूच्या पोटात नांदतात. देव वचन देतो, माणूस याचना करतो आणि दोघांच्या मध्ये उद्याचा दिवस असतो. भाकणूक ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात हे तिन्ही अर्थ एकदमच जागे असतात, असे आम्हांला वाटते.

दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रांत भाकणुकीची बातमी येते. पाऊस कसा पडेल, कोणते धान्य महाग होईल, राज्यकर्त्यांचे काय होईल, यांची एक यादी छापली जाते. श्रद्धावान माणूस ती यादी वर्षभर जपतो आणि खरी ठरलेली वाक्ये मोजतो. बुद्धिवादी माणूस खोटी ठरलेली वाक्ये मोजतो. दोघांच्याही हिशोबातून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे भाकणूक बोलली कशी गेली. भाकणुकीची वाक्ये आखूड असतात. क्रियापद भविष्यकाळी असून ते पुन्हा पुन्हा येते आणि त्या पुनरावृत्तीने वाक्यांना ताल येतो. एका विधानाकडून दुसऱ्याकडे जाताना मधले कारण सांगितलेले नसते. ढगातून धान्यात आणि धान्यातून राजाच्या गादीवर बोलणे सरळ उडी घेते. ऐकणारा ती उडी आपल्या अनुभवाने भरून काढतो. ही सर्व काव्याची लक्षणे आहेत. यादीत ती उरत नाहीत, कारण यादीत ताल नसतो आणि ताल गेला की बोलणारा देवही गेला.

भाकणुकीचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण मात्र व्याकरणाचे आहे. तीत 'मी' असे जे म्हटले जाते, तो 'मी' बोलणाऱ्या माणसाचा नसतो. तो दैवताचा असतो. माणूस तेवढ्या वेळापुरता आपल्या नावागावासह बाजूला झालेला असतो. यालाच आपण 'संचार' म्हणतो. संचार खरा की खोटा, हा प्रश्न मानसशास्त्राचा किंवा धर्मशास्त्राचा असेल. समीक्षकाचा तो नव्हे. समीक्षकाने एवढेच पाहावे की, भाषेत एक 'मी' जाऊन दुसरा आला आहे आणि तो आल्याबरोबर वाक्याची घडण बदलली आहे.

धनगरी ओवीतही हे दिसते. बिरोबाची कथा रात्रभर चालते. तीत गायनाचे भाग आणि कथनाचे भाग आळीपाळीने येतात. जर्मन संशोधक ग्युंटर सोन्थायमर यांनी या ओव्यांचा धनगरांच्या वाड्यांवर जाऊन अभ्यास केला आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपला ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी रूपांतर १९८९ साली निघाले. आमच्याकडे डॉ. रा. चिं. ढेरे यांचा 'खंडोबा' त्यापूर्वीच, १९६१ साली आला होता. दैवतांच्या इतिहासाचे काम या विद्वानांनी भक्कम करून ठेवले आहे. ओवीकडे काव्य म्हणून पाहण्याचे काम मात्र अजून पुष्कळसे शिल्लक आहे.

३

या पार्श्वभूमीवर लोकश्रद्धेशी कवितेचे नाते तीन प्रकारचे असू शकते, असे आम्ही सुचवतो. पहिला प्रकार वर्णनाचा : कवी देवाविषयी बोलतो. दुसरा रूपकाचा : कवी देवाच्या वा भक्ताच्या मुखवट्यातून आपले म्हणणे सांगतो. तिसरा संचाराचा : कवितेतील 'मी'च बदलतो. त्यांतला कोणता प्रकार चालू आहे हे ओळखण्याची खूण दैवताच्या नावात सापडत नाही. 'हा मी कोणाचा?' असे कवितेला विचारावे, म्हणजे उत्तर मिळते.

दुसऱ्या प्रकाराचा सर्वश्रेष्ठ मराठी आचार्य म्हणजे संत एकनाथ (१५३३-१५९९). जोगवा, गोंधळ, वासुदेव, जोशी, भूत अशी लोकधर्मातील नाना रूपे त्यांनी भारुडांत घेतली. पैठणच्या एका विद्वान ब्राह्मणाने दारोदार फिरणाऱ्या, समाजाने खालचे मानलेल्या माणसांचा आवाज आपल्या मुखी घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि भारुडातील 'मी' हा अखेर संताचाच राहतो. जोगवा मागितला जातो तो भक्तीचा आणि ज्ञानाचा. श्रोत्याला बाहेरच्या अर्थातून आतल्या अर्थात नेले जाते. आतला अर्थ हाती आला की बाहेरचा टरफलासारखा गळून पडतो. जिला आपण जोगतीण म्हणून ओळखतो, ती बाई त्या टरफलाबरोबर जाते.

येथे एक अपवाद नमूद केला पाहिजे. विठ्ठलालाच झपाटणारे भूत मानणारे नाथांचे भारूड सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे रूपक पुरते मिटत नाही. देवाला भूत म्हटल्याबरोबर भुताची धास्ती देवाला चिकटते आणि भक्ती ही सुखाची गोष्ट न राहता धरून ठेवणारी, परत न सोडणारी गोष्ट होते. नाथांच्या भारुडांत हे सर्वांत उंच जाते याचे कारण आमच्या मते हेच आहे की, येथे रूपक संचाराच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते.

आधुनिकांपैकी अरुण कोलटकरांचे उदाहरण घेऊ. जन्माने कोल्हापूरकर असलेल्या या कवीचे 'जेजुरी' हे पुस्तक १९७६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. त्यातील 'मी' हा प्रवाशाचा आहे. तो बसने येतो, पडक्या देवळांकडे, पुजाऱ्याकडे, दगडांकडे चिकित्सक पण प्रामाणिक डोळ्यांनी पाहतो आणि आगगाडीची वाट पाहत परत फिरतो. हा पहिला प्रकार झाला, जरी तो अतिशय वरच्या दर्जाचा आहे. परंतु देऊळ आणि स्थानक यांच्या मधल्या वाटेवर, जोंधळ्याच्या शेतात, कोंबड्यांचा एक कळप नाचताना दिसतो आणि त्या जागी छापलेली अक्षरेसुद्धा ओळीत उभी राहायचे नाकारतात. देवळात जो संचार झाला नाही, तो शेतात झाला. कोलटकरांचा संशयी प्रवासी तेथे क्षणभर थबकतो. मराठी मनाच्या आधुनिक अवस्थेचे याहून खरे चित्र आम्हांला ठाऊक नाही : देव पाहायला जावे तेथे तो नसतो आणि वाटेत अनपेक्षितपणे ढोल वाजतो.

४

तिसरा प्रकार, म्हणजे संचाराचा, लिखित कवितेत साधणे फार कठीण आहे. तो कॅरिबियन कवींनी कसा साधला हे पाहण्यासाठी तेथील इतिहास थोडा ध्यानी घ्यावा लागेल. तेथे लोकश्रद्धेवर केवळ उपहासाची नव्हे, तर कायद्याचीही कुऱ्हाड पडली होती. जमेकात १७६० साली टॅकी नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली बंड झाले आणि त्यानंतर 'ओबिया' म्हणजे आफ्रिकन देवऋषीपणा हा गुन्हा ठरवण्यात आला. हैतीमध्ये १७९१ साली जो उठाव झाला, त्याचा आरंभ रानातील एका वोडू पूजाविधीने झाला, अशी परंपरा आहे. त्या उठावातूनच १८०४ साली तो देश स्वतंत्र झाला. त्रिनिदादमध्ये, अंगात येऊन मोठ्याने उपासना करणाऱ्या 'शाउटर' पंथावर १९१७ साली बंदी घातली गेली आणि ती १९५१ पर्यंत राहिली. राज्यकर्त्यांना ढोलाची भीती वाटत होती. ढोल हा निरोप आहे, जमाव आहे आणि वेगळा 'मी' आहे, हे त्यांनी समीक्षकांच्या आधी ओळखले होते, असे म्हणावे लागते.

अशा परिस्थितीत जन्मलेल्या मुलांना शाळेत काय शिकवले जाई? बार्बाडोसचे कवी कामाउ ब्रेथवेट (१९३०-२०२०) यांनी नमूद केले आहे की, तेथील विद्यार्थी निबंध लिहायला बसला की उसाच्या मळ्यांवर बर्फ पाडीत असे. कारण त्याने वाचलेल्या प्रत्येक चांगल्या इंग्रजी पुस्तकात बर्फ पडत होता. आम्हां शिक्षकांना या वाक्यावर हसता येणार नाही. ज्या मुलाने रात्री धनगरी ओवी ऐकली आहे, तो सकाळी 'माझ्या गावची यात्रा' या विषयावर रम्य पहाट आणि मंजुळ घंटानाद लिहितो. त्याने ऐकलेला कैताळाचा आवाज मंजुळ नसतो, हे त्यालाही ठाऊक असते. परंतु निबंधात ते चालत नाही, हेही त्याला ठाऊक झालेले असते. हाही बर्फच होय.

ब्रेथवेट १९५५ ते १९६२ या काळात घानामध्ये नोकरीनिमित्त होते. तेथे अकान लोकांच्या बोलक्या ढोलांची परंपरा त्यांनी जवळून ऐकली. त्यानंतर १९६७, १९६८ आणि १९६९ या सालांत त्यांचे तीन दीर्घकाव्यग्रंथ निघाले, ते १९७३ साली 'द अरायव्हंट्स' या नावाने एकत्र छापले गेले. दुसऱ्या ग्रंथात ढोल घडवण्याची प्रक्रियाच कविता होते. ज्या बकऱ्याचे कातडे ढोलावर चढायचे त्या बकऱ्याला, ज्या झाडाचे खोड कोरायचे त्या झाडाला आणि ज्या काठ्यांनी ढोल वाजायचा त्या काठ्यांना कवी एकेक करून सामोरा जातो. आधी मेलेल्या जिवाशी बोलणे, मग ढोलाला बोलते करणे, हा क्रम आहे. इंग्रजी काव्याच्या पाच आघातांच्या प्रतिष्ठित छंदात आपल्या बेटांवरचे वादळ मावत नाही, अशी ब्रेथवेट यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी इंग्रजी भाषा ठेवली आणि तिचा ताल बदलला. भाषा हिरावल्यावर देव कोठे राहतो, या आमच्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर असे : तो तालात राहतो आणि तालाच्या आधाराने परक्या भाषेतही शिरतो.

तिसऱ्या ग्रंथातील 'ओगून' ही कविता या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ओगून हा योरुबा लोकांचा लोखंडाचा आणि हत्यारांचा देव. कवितेत मात्र दिसतो तो कवीचा सुतार चुलता. बाहेरून आलेल्या तयार सामानामुळे त्याचा धंदा बसला आहे. रविवारी, गिऱ्हाईक नसताना, तो लाकडाच्या एका ओंडक्यावर काम करीत राहतो आणि त्या लाकडातून हळूहळू एक प्राचीन, दुखावलेला, उग्र चेहरा वर येतो. येथे भंडारा नाही, आरोळी नाही, देवळही नाही. तरीही वाचक संपूर्ण कविता वाचून उठतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते की, सुताराच्या हातांत कोणी दुसरेच येऊन गेले. नुसत्या नामोच्चाराने जे साधत नाही ते येथे साधले आहे.

क्यूबाचे निकोलास ग्यिएन (१९०२-१९८९) यांचा मार्ग याहून उघड आहे. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सेन्सेमाया' या कवितेत साप मारण्याचा मंत्रविधी आहे. तिच्या ध्रुपदातील शब्दांना स्पॅनिश शब्दकोशात अर्थ नाही. अर्थ नसलेल्या शब्दांनी कविता दुर्बोध व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तीच तिची पकड आहे. आमच्याकडील मांत्रिकाच्या मंत्रातही अर्थहीन अक्षरे असतात आणि ऐकणाऱ्याचा विश्वास नेमका त्यांवरच बसतो. अर्थ माणसाचा असतो. निरर्थक नाद माणसापलीकडचा वाटतो.

सेंट लुशियाचे डेरेक वॉलकॉट (१९३०-२०१७) या दोघांहून अधिक सावध आहेत. त्यांच्या 'ओमेरॉस' (१९९०) या महाकाव्यात फिलॉक्टीट नावाच्या कोळ्याच्या पायाला गंजलेल्या नांगराने जखम झालेली आहे आणि ती भरत नाही. पूर्वजांच्या घोट्यांत ज्या बेड्या होत्या त्यांतून ती आपल्याकडे आली, असे त्याला वाटते. शेवटी मा किल्मन ही दुकानदारीण, जी रविवारी चर्चमध्ये जाते आणि जुन्या ओबियाचे ज्ञानही आपल्यात दडवून आहे, मुंग्यांच्या वाटेने रानात जाते आणि त्या जखमेवरची वनस्पती शोधून काढते. त्या वनस्पतीचे बी एका पक्ष्याने समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आणलेले असते. जेथून जखम आली तेथूनच औषधही आले. आमच्या खेड्यांतील झाडपाल्याचे औषध देणाऱ्या म्हाताऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मा किल्मनची ओळख पटवून देण्याची गरज नाही.

याच वॉलकॉट यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानाचा आरंभ त्यांनी त्रिनिदादमधील फेलिसिटी या खेड्यातल्या रामलीलेने केला, ही गोष्ट भारतीय वाचकांनी विसरू नये. गिरमिटिया मजुरांच्या वंशजांची ती रामलीला. नाटककार म्हणून वॉलकॉट तिच्याकडे प्रथम नाटकाच्या दृष्टीने पाहू लागले. मूळ महाकाव्याची ही झिजलेली प्रतिकृती आहे काय, असे त्यांच्या मनात आले. मग त्यांना उमगले की, सोंग घेतलेल्या त्या मुलांच्या दृष्टीने हे नाटक नाहीच. ती श्रद्धा आहे आणि तिला हरवलेल्या मुळाची खंत नाही. लोकश्रद्धेच्या कवितेपुढे बसलेल्या प्रत्येक समीक्षकाने आपल्या मेजावर हा प्रसंग लिहून ठेवावा. आपण ज्याला अवशेष म्हणतो, ते ज्याचे आहे त्याच्या लेखी पूर्ण असते.

५

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, आम्ही संचाराचे सरसकट गुणगान करीत आहोत. तसे नाही, आणि आमच्या भागात राहणाऱ्या माणसाला तसे करता येणारही नाही. कारण आमच्या जिल्ह्यातच सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे.

यल्लम्मा म्हणजेच रेणुका. पतीच्या आज्ञेवरून पुत्राने जिचे शिर तोडले, ती माता. तिचे नाव कानडी. तिच्याविषयीची कितीतरी गाणी मराठी. पौर्णिमांच्या यात्रांना कोल्हापूर-सांगलीकडून माणसे गाड्या भरभरून जातात. जोगती डोक्यावर जग घेतात, हातात परडी असते आणि चौंडक्याची तार ताणली-सैल केली की त्यातून माणसाच्या हुंदक्यासारखा, वर चढून खाली येणारा स्वर निघतो. या गाण्यांचे काव्यगुण थोर आहेत. परंतु ती ज्यांच्या मुखी आहेत, त्यांतल्या कित्येकींना लहानपणी देवीला सोडण्यात आले होते. जट आली, घरात आजारपण आले, नवस केला, की मुलगी देवीची झाली. आणि देवीची झाली म्हणजे व्यवहारात ती कोणाचीही झाली. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली या प्रथेविरुद्ध कायदे झाले. ते का करावे लागले, हे निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मग आम्ही जो निकष मांडला, त्याचे काय? तो येथेही लागू पडतो, मात्र त्याला एक दुसरा प्रश्न जोडावा लागतो. 'हा मी कोणाचा?' असे विचारल्यावर 'देवाचा' हे उत्तर आले, तर पुढे विचारावे : 'ज्याचा मी बाजूला झाला, तो परत येतो काय?' भाकणूक सांगणारा माणूस सकाळी आपल्या घरी जातो, आपल्या नावाने हाक मारली की ओ देतो. संचार उतरतो. देवीला सोडलेल्या मुलीच्या बाबतीत तो उतरतच नाही. तिचा 'मी' आयुष्यभरासाठी काढून घेतलेला असतो आणि तिचे दुःखसुद्धा तिला देवीच्या नावाने, देवीच्या गाण्यातूनच सांगावे लागते. ओमेरॉसमधील फिलॉक्टीटची जखम बरी होऊन तो पुन्हा समुद्रावर जातो. मा किल्मनच्या विद्येने त्याला त्याचा 'मी' परत दिला. ज्या श्रद्धेने माणूस स्वतःकडे परत येतो आणि ज्या श्रद्धेने तो कधीच परत येत नाही, त्यांत फरक करण्याचे कर्तव्य कवीला आणि समीक्षकाला टाळता येत नाही.

कॅरिबियन कवींची भूमिका आपण जशीच्या तशी उचलू शकत नाही, याचेही कारण हेच. तेथे लोकश्रद्धा गुलामांची होती आणि कायदा मालकांचा होता. म्हणून श्रद्धेची बाजू घेणे म्हणजे दुबळ्यांची बाजू घेणे, हे समीकरण बव्हंशी जुळते. आमच्याकडे तीच श्रद्धा दुबळ्यांचा आसराही आहे आणि बळवंतांचे हत्यारही आहे. आणि १९८२ चा कायदा या मुलींच्या बाजूचा आहे. हा गुंता मराठीत ज्यांनी निर्भयपणे हाताळला, त्यांत आमच्याच शेजारच्या गडहिंग्लज भागातील राजन गवस यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांत देवाला सोडलेल्या मुलीचे आणि जोगत्याचे जीवन आतून येते. त्या वाचताना गाण्याचे सौंदर्य नाकारले गेले असे वाटत नाही आणि गाण्याची किंमत कोणी चुकवली, हेही झाकले जात नाही. मात्र या कादंबऱ्या आहेत. जे गद्याने केले ते मराठी कवितेने, निदान आमच्या भागापुरते, अजून केलेले नाही.

६

कवितेने ते करता येते, याचा पुरावा शोधण्यासाठी कॅरिबियन बेटांपर्यंत जाण्याचीसुद्धा गरज नाही. बेळगाव जिल्ह्यातीलच, हुक्केरी तालुक्यातील घोडगेरी गावचे चंद्रशेखर कंबार यांनी १९६४ साली 'हेळतेन केळ' हे कानडी दीर्घकाव्य लिहिले. त्याची भाषा उत्तर कर्नाटकाची बोली, घाट लावणीचा आणि आशय गावाच्या सुफलतेविषयीच्या आदिम श्रद्धेचा. पुढे त्यांना २०१० चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांच्या आधी धारवाडचे द. रा. बेंद्रे, ज्यांच्या घरची भाषा मराठी होती, त्यांनी कानडी कवितेत लोकगीताचा ताल असा काही मुरवला की, तो वेगळा काढून दाखवणे अशक्य झाले. एकच माती, एकाच यात्रा, पुष्कळसे देवही तेच. कानडीत जे घडले ते त्याच गावांतल्या मराठीत का घडले नाही?

आमच्या मते याचे एक कारण असे की, सीमाभागातील मराठी माणूस आपल्या मराठीविषयी नेहमी थोडा धास्तावलेला राहिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषा हा येथे हक्काचा आणि अस्मितेचा प्रश्न झाला आणि ते अपरिहार्यही होते. परंतु भाषेचा हक्क मागताना आपली भाषा पुणेरी पुस्तकाइतकी शुद्ध आहे, हे सिद्ध करण्याची ओढ लागते. मग कानडी हेल, कानडी शब्द, धनगरी बोली हे सारे घरात ठेवून कविता बाहेर पडते. आणि आमचे देव तर नेमके त्याच बोलीत बोलतात. हालसिद्धनाथाला प्रमाण मराठीत बोलायला लावले, तर त्याचीही बातमीतली यादी होईल.

हे काम कवीचे आहे. पण त्याआधीचे थोडे काम शाळेचे आणि आमच्यासारख्या शिक्षकांचेही आहे. भाकणूक, ओवी, जोगतिणीची गाणी ही ज्याच्याकडून ऐकली त्याच्या संमतीने, दिवस आणि ठिकाण नोंदवून, बोलीत तिळमात्र फेरफार न करता लिहून ठेवली पाहिजेत. लोकसाहित्याच्या संकलनाची परंपरा मराठीत मोठी आहे. साने गुरुजी, दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर यांनी ती घालून दिली. तिला आता वाचनाची जोड हवी. मराठीच्या तासाला भारुडाशेजारी भाकणूक ठेवून, यातला 'मी' कोण आणि त्यातला कोण, एवढा एकच प्रश्न नववीच्या वर्गात विचारावा. मुले उत्तर देतील, कारण त्यांनी दोन्ही ऐकलेले असते. आणि यल्लम्माचे गाणे वाचून झाले की दुसराही प्रश्न विचारावा : हे गाणारीला तिच्या नावाने कोणी हाक मारतो काय?

या दोन प्रश्नांना उत्तर देऊन जो मुलगा किंवा मुलगी पुढे कविता लिहील, ती मातीचा वास देण्यासाठी लिहिलेली नसेल. तीत ढोल असेल आणि ढोल थांबल्यावर आपल्या घरी परत जाणारे माणूसही असेल.